आरशावरचं हळदकुंकू

कारखाना वसाहत, सोलापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळ

तीर्थरूप मामासाहेबांस शिवयोगीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे अजून जिवंत आहोत. आपलं गुडघ्याचं दुखणं आणि संचालकपद कसं आहे ते कळवावं. मामींना नमस्कार.

पत्राचं कारण आपल्याच हातचं आहे. खंडेनवमीला आपण कारखान्यात येऊन बायोगॅसच्या खड्ड्यावरच्या लेझर मशीनची पूजा केलीत. मशीनला हार घातलात, ठीक. पण पलीकडच्या काठावरच्या आरशालाही (ज्याला मी स्वतःचं बोटसुद्धा लावू देत नाही) हळदकुंकवाचे पट्टे ओढलेत, वर अक्षता चिकटवल्यात. मामा, या यंत्राचं काम एवढंच, की खड्ड्यावरून डोळ्याला न दिसणारा उजेड आरशावर सोडायचा आणि परत आला की वाटेतल्या विषारी वायूनं त्यातला किती गिळला ते मोजायचं. प्रत्येक वायू आपल्या ठरलेल्या रंगाचाच उजेड गिळतो (संचालकांसारखं दिसेल ते खात नाही). आता उजेड परतच येत नाही. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

आज सकाळी त्या रेघा बघून मॅनेजर चनमल्लप्पा म्हणाले, "आकडाच न्हाय म्हंजे गॅसच न्हाय की! दुपारी रुद्रप्पाला खाली उतरवा, गाळ काढायचाय." मी फडकं काढलं, तर "संचालकांचं कुंकू पुसतोस व्हय?" म्हणून सगळ्या कामगारांदेखत माझी लाज काढली आणि हातात नोटीस दिली. मशीनला हात लावायला बंदी. एवढं शिकून शेवटी आरसा पुसण्याची नोकरी मिळाली होती, तीही तुमच्या भक्तीनं घालवली. चीड येते मामा, आणि ती एकट्या चनमल्लप्पांची नाही.

आपला भाचा,
शिवयोगी

ता. क. नोटीस तेवढी मागे घ्यायला सांगा.

ता. क. नोटिशीचं राहू द्या. आरसा पुसायला परवानगी म्हणून दोन ओळी लिहून द्या. तुमची सही बघितली की चनमल्लप्पा गप्प बसतात.

ता. क. पत्र घेऊन मोडनिंबला तुमच्या घरी आलेला माणूस तोच रुद्रप्पा. त्याला समजावून पाहिलं, "सायेब म्हंत्यात तर उतरतो की" म्हणाला. उतरायला दुसरं कुणी तयार नाही. तुमच्या ओसरीवर आहे तोवर तो खड्ड्यात नाही, म्हणून त्यालाच पाठवलाय. चष्मा सावकाश शोधा. त्याला पोटभर जेवू घाला. आणि सही करायची नसेल, तर माणूस परत पाठवू नका.