नवाच्या ताळ्यात न दिसलेले नऊशे

मी, वय एकाहत्तर, गणिताचा निवृत्त मास्तर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना व डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल शेजारच्या शिंप्याला शंका आहे. तरी साक्षीदार व्हायला तो तयार झाला.

१. राहते घर, दोन खोल्या व मोरी, धाकट्या बहिणीला, म्हणजे ठकीला. तिची खोली मी भाड्याने दिलेली नाही. चष्म्याची डबी खिडकीत होती तिथेच आहे.

२. बँकेतली ठेव तिलाच. माझी गणिताची पुस्तके ज्याला नेववतील त्याने न्यावीत.

३. आता कारण. ठकी पतसंस्थेत हिशेब लिहायची. रोज जेवताना आमची जुंपायची. मी म्हणे, "बाकी म्हणजे भागून उरतं ते. भाजकापेक्षा नेहमी लहान." ती म्हणे, "दादा, आमच्याकडे बाकी लोकांच्या दारात जाऊन मागावी लागते. ती कसली लहान!"

वर्षअखेरीची वही ती माझ्याकडून पावत्यांशी ताडून घेई. त्या वर्षी मी कंटाळा केला. बेरीज न करता नवाचा ताळा घेतला: दोन्हीकडच्या रकमा नवाने भागायच्या, बाकी सारखी आली की झाले. ती आली. "बिनघोर देऊन टाक," म्हणालो. तिने ४५०० च्या जागी ५४०० लिहिले होते. आकड्यांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले होते.

गल्ल्यात नऊशे कमी. पावती बघण्याआधीच मॅनेजरने तिला चारचौघांत चोर म्हटले. वही मी तपासली होती, हे तिने कोणाला सांगितले नाही. मी सांगायला गेलो, पण न सांगताच उठलो. घाबरून मॅनेजरचीच छत्री उचलून घरी आलो. ठकीने राजीनामा दिला, परगावी नोकरी धरली. जाताना म्हणाली, "दादा, तू एकदा बोलला असतास तरी पुरे होतं."

४. मेल्यावर बोलून काय उपयोग? म्हणून कलम तीनची नक्कल आज सकाळी पतसंस्थेच्या फलकावर लावली. खाली खिळ्याला छत्री अडकवली.

५. ठके, मला तुझी फार आठवण येते. माझ्या हयातीत तू आलीस तर हे मृत्युपत्र रद्द समजावे. नवे लिहू. तपासायचे मात्र तू.

स्थळ: राहते घर, तिची खोली
दिनांक: ६ जून, ती गेल्याला अकरा वर्षे

सही: दादा

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (सही)
२. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)