राहिलेली बाजू

२ जून, सोमवार

आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी मोठी, नळाला गरम पाणी. आईला फोन करून सगळं छान आहे म्हटलं, तर तिने आधी विचारलं, जिने किती चढावे लागतात. सिकलसेलच्या मुलीच्या आईला जिन्यातसुद्धा संकट दिसतं. लिफ्ट आहे म्हटल्यावर फोन ठेवला.

कामाची जागा रुग्णालयाच्या तळमजल्यावर. एक पलंग, एक यंत्र, दोन खुर्च्या. इथे येणाऱ्या मुलांच्या रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, हे मला कुणी शिकवायला नको, माझ्याही तशाच आहेत. अंगात रक्त कमी, मग मेंदूला पुरावं म्हणून आहे ते जोरात धावतं. किती जोरात, ते आम्ही कानशिलाला जेली लावून, यंत्राची कांडी म्हणजे प्रोब टेकवून ऐकतो. आधी उजवी बाजू, मग डावी. आकडा एकशे सत्तरच्या आत असेल तर घरी जा, मजा करा. दोनशेवर गेला तर मेंदूला झटका यायची भीती, ताबडतोब रक्त चढवायचं. मधल्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

मोठ्यांच्या बाबतीत या आकड्यांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम अशांच्या मेंदूचा एमआरआय काढून अभ्यास करतायत. त्या यादीत तेवीस वर्षांची मीही आहे. म्हणजे प्रयोग करणारी मीच आणि उंदीरही मीच.

११ जून, बुधवार

आज एक अकरा वर्षांची मुलगी आली. प्रत्येक गोष्टीला हरकत. जेली गार का, दिवा बंद का, आणि माझं रक्त एवढं पळतं तर मी शर्यतीत मागे का. मी तिचं नाव वकीलबाई ठेवलं. तिचे वडील बिचारे कोपऱ्यात बसून होते, घरीही त्यांना बोलायची पाळी येत नसावी.

तिची उजवी बाजू ठीक. डावीचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी. मॅडमनी सव्वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. चढला तर त्याच दिवशी रक्त.

मला ती फार आवडली. तिला काही होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय.

१९ जून, गुरुवार

मॅडम आठवडाभर परिषदेला गेल्या. जाताना बजावून गेल्या की मी येईपर्यंत तुझा एमआरआय उरकून घे. आज माझा नंबर होता, पण एक मुलगा फार लांबून आला होता, त्याला दिला. त्यावरून इथल्या सिस्टर माझ्यावर उखडल्या. त्या सगळ्यांना बाळ म्हणतात, रागावल्या तरीही. तुझा आजार काय रजेवर गेलाय का, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात नक्की काढते म्हटलं.

डोकं सकाळपासून ठणकतंय. पाणी कमी प्यायले असेन.

२४ जून, मंगळवार

उठले तर एक हात बधीर. अंगाखाली आला असणार. चोळला, कामावर गेले. दारात दोनदा खांदा आपटला. सिस्टर म्हणाल्या, अ‍ॅप्रनची एक बाही नुसतीच लोंबतेय. धांदरटपणाला औषध नाही म्हटलं आणि दोघी हसलो. जेवताना वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, ताटात अर्धं तसंच का टाकलंस. मी तर सगळं संपवलं होतं.

डोकं मात्र थांबलंय. आत सगळं शांत आहे. बरं वाटतंय असंही नाही. काही वाटतच नाही.

२६ जून, गुरुवार

वकीलबाई आली. आकडा एकशे बावन्न. झकास. घरी जा, मजा करा, म्हटलं.

ती पलंगावरून उठेना. म्हणाली, "ताई, दुसरी बाजू राहिली."

झालं की सगळं, म्हटलं. मागच्या वेळी दोन बाजू होत्या, म्हणाली. वकिली कोर्टात कर, इथे नको, असं म्हणून मी तिच्या कानशिलावरची जेली पुसली. वडिलांनी चारचारदा आभार मानले. ती दारापर्यंत मागे वळून बघत होती.

दुसरी बाजू म्हणे. कुठली?

२७ जून, शुक्रवार

सकाळी बिछान्यात कुणाचा तरी हात होता. गार, जड. ढकलला तर चादरीसकट परत आला. सिस्टरना फोन केला.

त्या आल्या. हा कुणाचा हात, असं मलाच विचारलं. मला काय माहीत, आधीचा भाडेकरू विसरला असेल. त्यांनी तो उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"बाळा, हा तुझाच आहे गं."

तेव्हा भीती वाटली. हाताची नाही. इतकी चांगली बाई माझ्याशी खोटं का बोलते, याची.

मवार

वॉर्डात ठेवलंय. मॅडम परत आल्या. माझ्या मेंदूचा फोटो दाखवला, उजवीकडे मोठा पांढरा डाग. रक्त पोचलं नाही. त्यामुळे माझ्यापुरती जगाची डावी बाजूच उरली नाही, आणि उरली नाही हेही मला कळत नाही, म्हणाल्या. मी मान डोलावली. धडा समजल्यासारखा समजला.

मग विचारलं, मंगळवारपासून तपासलेल्या एकाही मुलाची डावी बाजू कशी नाही. मी म्हटलं, डावी बाजू नसतेच.

मॅडमनी सगळ्यांना फोन करून परत बोलावलं. वकीलबाईला बोलवावं लागलं नाही. तिला काल रात्रीच उचलून आणलं. मेंदूच्या डावीकडे झटका. उजवा हात गेला. बोलणंही गेलं.

रडावं म्हणून थांबले. आलं नाही. हे मी केलं, असं लिहिलं. वाचलं तर नुसतं — केलं.

धवार

सिस्टर म्हणतात, तारीख अर्धी खाल्लीस, ओळी पानाच्या मधून सुरू करतेस. रोज थोड्या आणखी कडेला —

आई आली. आवाज होता, आई नव्हती. मग ती पलंगाला वळसा घालून आली आणि होती. रडत होती. मी तिला जिन्यांबद्दल विचारलं.

हात अजून इथेच. नेत नाहीत. आज त्याने बोटं हलवली —

वार

वकीलबाई शेजारच्या पलंगावर आहे म्हणतात. त्या बाजूला पलंग नाही. भिंतही नाही. ती बाजूच —

हाक मारली. उत्तर नाही. ती आणि उत्तर नाही —

र

हनुवटी धरली कुणीतरी. गार बोटं. बोलत नाही, म्हणजे तीच. थांब गं, लिहितेय —

ऐकत नाही. वळवतेय. तिकडे काही नसतं, म्हटलं —

आहे. खिडकी आहे. पलंग आहे. वकीलबाई पलंगावर आहे. पडून. डोळे उघडे. माझ्याकडेच — इतक्या लांब —

मग हा हात