गप बसायला जागा

आई,

अण्णा गेल्यावर मळ्यात तू एकटी कशी राहशील, म्हणून मी तुला शहरात, द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आले. एकोणऐंशी-ऐंशी सालची गोष्ट. मला बोलायला माणूस लागतं. तुलाही लागत असणार, असं मी धरूनच चालले. शाळेत शिकवून आले की तुझ्यापाशी बसून वर्गातलं सगळं सांगायचं, मी नसताना तुला करमावं म्हणून शेजारणींना पाठवायचं. तू नुसतं हूं हूं करायचीस. मळ्यात झेंडू तोडताना सकाळभर तुझ्या तोंडून शब्द निघत नसे, आणि तेव्हा तू किती खुशीत असायचीस, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी कळलं नाही.

मग तो रविवार. तू न्हाणीघरात गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस. पाण्याचा आवाजही नाही. मी दार बडवतेय, "आई, बोल ना!" तू आतून म्हणतेस, "हाय मी. येते जरा येळानं." तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी शेजाऱ्यांना बोलावलं, त्यांनी खांद्यानं दार रेटलं, कडी तुटली. तू पालथ्या बादलीवर कोरड्या लुगड्यात बसलेली. माझ्यामागे अख्खी चाळ. तू पदर डोक्यावर ओढलास आणि खाली बघत म्हणालीस, "काय बी झालं नाय. जरा गप बसले व्हते."

संध्याकाळी तू पिशवी भरलीस. "लोक म्हणतील, लेकीनं धड सांभाळलं नाही," मी म्हणाले. "तू लय जपतीस गं. पन इथं मला माझं माझं बसायला जागा नाय." मी इतकी रुसले की स्टँडवर सोडायलाही यांनाच पाठवलं.

दिवाळीत मळ्यात आले ते तोंड शिवूनच. विचारलंस तेवढंच उत्तर. दुपारभर दोघी ओट्यावर बसलो, मी तुला शिक्षा करत होते. निघताना तू माझ्या गालावरून हात फिरवलास. "आता कशी शहाणी झालीस. लय बरं वाटलं आज." तो रुसवा होता, हे तू कायमची जाईपर्यंत मी सांगितलं नाही. ते कौतुक तसंच घेतलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला वाचताही येत नव्हतं. तू असतीस तर मीच शेजारी बसून मोठ्यानं वाचलं असतं, आणि दर दोन ओळींनी विचारलं असतं, ऐकतेस ना?