मोजा उघडतो तेव्हा

विचिटा, कॅन्सस
१८ जुलै १९५६

ती. बाबांस ल्युमिरचा सा. न. वि. वि.

पेपरात वाचलंच असेल. अकरा वर्षं बेसबॉलच्या लहान लीगच्या बसगाड्यांत पाठ मोडून घेतली, शेवटी मोठ्या लीगने बोलावलं आणि तेवीस दिवसांत परत पाठवलं. तीन सामन्यांत चेंडू टाकले, तिन्हींत धुलाई. फलंदाज माझ्या वळत्या चेंडूची अशी वाट बघायचे, जणू मीच आधी कानात सांगितलंय. फलंदाजामागे बसणारा आमचा कॅचर डेनी, कोणता चेंडू टाकायचा त्याच्या मला बोटांनी खुणा करतो, त्या लपवत नसणार असं वाटून मी सगळ्यांदेखत त्याला नको ते बोललो.

मॅनेजर म्हणतात, सप्टेंबरात एकदा बोलावून बघू, तेव्हाही असंच झालं तर घरी जा. तेहतिसाव्या वर्षी दुसरं काय शिकणार मी? दंड सारखा ठणकतो. लिबीला सांगा, तिने दिलेल्या कोलाच्यांचा, त्या गोड पावांचा, बसमध्ये भुगा झाला. चमच्याने खाल्ला. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमचा
ल्युमिर

विल्बर, नेब्रास्का
२ ऑगस्ट

चि. ल्युमिरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र लिबीने वाचून दाखवलं. ही तुझी बहीण म्हणते, बाबांना सांभाळण्यात लग्न राहून गेलं. खरं तर तिला कुणी पसंतच पडत नाही.

हे पत्र मात्र माझ्या हाताने लिहितोय, ओळी वाकड्या जातील. तीन फाडले, हा चौथा कागद आहे. डेनीचा दोष नाही, बाळा. दोष माझा.

तू चौदाचा असताना चुन्याने माझा उजवा डोळा गेला. एका डोळ्याला चेंडू किती लांब आहे ते कळत नाही. तरी अंगणात मी तुझे चेंडू पकडत राहिलो. कसे? वळत्या चेंडूसाठी तू मोज्याच्या आत चेंडूवर बोटं फिरवतोस ना, तेव्हा तुझा डावा हातमोजा जरासा उघडतो. सरळ चेंडूला उघडत नाही. ते बघून मी हात आधीच नेऊन ठेवायचो. तुला सांगितलं असतं तर तू सवय मोडली असतीस, आणि संध्याकाळचा आपला खेळ संपला असता. गावात खेळतोय तोवर काय बिघडतंय, म्हटलं. पुढे वाटलं, कोच सांगतील. मग सांगायची लाजच वाटायला लागली.

मला एका डोळ्याने दिसलं, ते त्यांना दोन डोळ्यांनी दिसणारच. रागाव माझ्यावर, पण मोजा बंद ठेव.

तुझा
बाबा

विचिटा
१ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. फार राग आला होता. मोजा दोरीने आवळून रोज भिंतीवर चेंडू फेकत होतो.

मोठ्या लीगने हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात बोलावलं. दोन डाव, सहा फलंदाज, एकालाही वळता चेंडू लागला नाही. एक जण माझ्या मोज्याकडेच टक लावून बसला आणि चेंडू त्याच्या पुढ्यातून गेला. मॅनेजर म्हणाले, हे पाच वर्षांपूर्वी हवं होतं. पुढल्या वर्षीच्या यादीत माझं नाव नाही.

डेनीला सगळं सांगून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुझ्याऐवजी तुझ्या बापाला घ्यायला हवं होतं आम्ही.” खूप दिवसांनी हसलो. राग कुठे उतरला कळलं नाही, फक्त दमलोय. खोली सोडून पंधरा तारखेला येतो. लिबीला नमस्कार.

ल्युमिर

विल्बर
६ ऑक्टोबर

चि. ल्युमिरास आशीर्वाद. वि. वि.

ये. वरची खोली झाडून ठेवलीय. आल्या आल्या चेंडूचं नाव काढू नकोस, आधी आठवडाभर झोप.

पुढे कधी हात शिवशिवलाच, तर पकडायला लिबी उभी राहील. दोन बोटं मोडली तरी चालतील म्हणते, तसंही त्यांत अंगठी घालायला कुणी येत नाहीय. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन. मोजा घट्ट मिटून टाक. कोणता चेंडू येतोय ते या वेळी मलाही कळू देऊ नकोस.

या म्हाताऱ्यावर जमेल तेवढी माया ठेव.

बाबा