जस्तात बुडवण्याआधी

प्रिय धाकट्या,

खिळ्याने ओढलेल्या रेघेत नख घातलं, आणि रंगाचा पापुद्रा बोटभर लांब सुटून आला. तो तसाच हातात घेऊन गच्चीवरून खाली आले आणि कारखान्यातल्या टेबलाशी हे लिहायला बसले. जेवणाची सुट्टी आहे. ग्राइंडर बंद आहे तोवर होईल तेवढं लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘जाऊ दे गं ताई’ म्हणतोस, आणि मग मीही जाऊ देते.

पापुद्रा पावडर कोटिंगचा. वर्षभरापूर्वी पाइपचे तीन तुकडे गच्चीवर मांडले होते आणि रोज त्यांच्यावर मिठाचं पाणी शिंपडत होते. एकाला आपल्या घरची पद्धत, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. दुसऱ्याला पावडर कोटिंग. तिसरा वितळलेल्या जस्तात बुडवलेला, दुकानातून तयार आणलेला. तिन्हींवर खिळ्याने सारखीच रेघ ओढली होती. ऑइल पेंटखाली गंज पसरलाय, पण निदान दिसतो तरी. पावडर कोटिंग वरून नवंकोरं, आणि आत गंज पार टोकापर्यंत सरकलेला. जस्ताच्या तुकड्यावर रेघ फक्त करडी झालीय. बाकी काही नाही.

हे सगळं समुद्राकडच्या दवाखान्यासाठी. तिथल्या उताराचं रेलिंग आणि दोन फाटकं करायची आहेत. मेट्रनबाई आज सकाळी स्वतः येऊन गेल्या. मी रंगांचं कार्ड पुढे केलं, तर त्यांनी ते उलटं करून ठेवलं. म्हणाल्या, ‘रंगाचं कौतुक नको हो बाई. ऑपरेशन झालेली माणसं ते धरून उतरणार. पाच वर्षांनी कुणाच्या हातात सुटून येणार नाही, एवढं बोला.’ मी म्हटलं, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, ‘उद्या सकाळपर्यंत करा विचार. जस्तात बुडवून देणार असाल तर काम तुमचं, नाहीतर मी दुसरा माणूस बघते.’

काम मिळेल या भरवशावर रेलिंग मी आधीच जोडून ठेवलंय. तपासून झालंय. तरी मी हो म्हटलं नाही. तुला कारण ठाऊक आहे असं तुला वाटत असेल. नऊ वर्षं मी एकही काम जस्ताला पाठवलेलं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगते, कशाला एवढी उठाठेव, रंग चांगला मारू. धक्क्यावरचं एक फाटक तीनदा खरवडून रंगवलं, पण पाठवलं नाही. रंगारीकाका माझी बाजू घेतात. परवा ब्रश धुताना म्हणाले, ‘तुमच्या बाबांनी जन्मभर ब्रश मारला, कुठं काय बिघडलं? बुडवायला गेलो आणि बुडालो.’ मग माझ्याकडे बघून ब्रश झटकायला लागले. त्यांना वाटलं, तुझा विषय निघाला म्हणून मला वाईट वाटलं.

गुडघा आता बरा आहे. जिना चढते, उतरताना कुरकुरतो. तुझ्या चिमणीने काढलेलं चित्र मिळालं. त्यात मी ग्राइंडरपेक्षा लहान आहे आणि ग्राइंडरला डोळे आहेत. तुझ्या गोदामात पंखा बसला का? वहिनी गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, ‘तुमचे बंधुराज कुलूप लावतात, चार पायऱ्या उतरतात, आणि ओढून बघायला परत वर जातात. गॅसचं बटण तर तीनदा. चिमणी त्यांना परीक्षक म्हणते.’ ती हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

तू असा नव्हतास. डोळे मिटून वेल्डिंगची शिवण घालायचास. बाबा मला म्हणायचे, तू शंभरदा बघतेस, याचा हात बघतो. आणि दोघांनाही त्यांनी एकच शिकवलं होतं, पाइपचं तोंड कुठेही उघडं ठेवायचं नाही. पाण्याला वाट दिली की पाइप आतून सडतो. रंगाच्या कामात ते खरंच आहे. जस्ताच्या कामात पाइप बंद ठेवला तर आतली हवा तापून कोंडते आणि पाइप फुटतो, म्हणून प्रत्येक पाइपला भोक लागतं. हे मला नंतर कळलं. तुला आधी कळलं होतं. जस्तवाल्यांनी ते तुला सांगितलं होतं, आणि त्या आठवड्यात आपण दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हतो. कशावरून, ते आता आठवतही नाही.

नऊ वर्षांपूर्वी जस्तवाल्यांकडे, वितळलेल्या जस्ताच्या टाकीवर तुझ्या रेलिंगचा पाइप फुटला तेव्हा मी त्यांच्या फाटकाशी उभी होते, तू आत होतास. टाकीवरच्या त्या उंच माणसाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्यांचा मुकादम सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, ‘भोक कुठाय? झोपेत काम करतोस काय रे?’ तू फुटलेल्या पाइपवरून बोटं फिरवत राहिलास. परत येताना टेम्पोत तू मला विचारलंस, ‘ताई, मी भोकं पाडली होती ना गं?’ मी रस्त्याकडे बघत म्हटलं, ‘मला काय माहीत. काम तुझं होतं.’ त्यानंतर तू महिनाभर प्रत्येक शिवण दोनदा घालत होतास. मग यायचाच बंद झालास, आणि गोदामातली नोकरी धरलीस.

धाकट्या, तू भोकं पाडली होतीस. आदल्या दिवशी तू सिलिंडर आणायला गेलास तेव्हा मी रेलिंग तपासलं. प्रत्येक पाइपला खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक होतं. बारा होती. सुबक, कडा घासलेली. मला वाटलं, नवं लग्न झालेला माणूस, भोकं पाडून बसला आणि बुजवायला विसरला. तुझी चूक झाकतेय या समाधानात मी बाराही वेल्ड करून बुजवली आणि ग्राइंडरने अशी साफ केली की तुझ्या बोटांनाही ती सापडली नाहीत. टेम्पोत मला हे सगळं माहीत होतं. त्या माणसाचा हात बघितला होता म्हणून मी घाबरले, आणि नंतर रोज थोडा उशीर होत गेला. कारखान्यात परत ये असं म्हणायला हे लिहीत नाही. माफ कर असंही आज म्हणत नाही, ते तुझ्यावर नवं ओझं होईल. तुझा हात बरोबर होता, एवढंच तुला माझ्या अक्षरात मिळायला हवं. कुलूप एकदाच ओढ.

तुझं काम मोडून गप्प बसलेली, पण तुझीच,
ताई

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून चार ओळी. सकाळी मेट्रनबाईंना हो कळवलं. रेलिंगला भोकं पाडली आणि टेम्पोबरोबर मी स्वतः गेले. तो उंच माणूस अजून तिथेच आहे, आता मुकादम झालाय. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग बॅटरी घेऊन एकेका भोकात डोकावला, दोन भोकं लहान आहेत म्हणाला, आणि ती मोठी करायला मला ड्रिल आणून दिलं.