दोरी लावून सरळ केलेली पाती

४ मे, रविवार. सकाळी ७.
राजमती, गुडघा काय म्हणतोय? सम्मेद, पित्त उतरलं का? म्हशीबाई, वैरण जाते ना नीट? सगळ्यांना एकेक करून विचारलं. बायको पूजेत, मुलगा फोनवर. म्हैस तेवढी हंबरली. माझी तब्येत कुणी विचारली नाही, म्हणून इथं नोंदवतो. उत्तम. वय एकाहत्तर, नजर घारीची (चष्म्यासह).

काल नात आली, ब्राह्मी. मंगळूरला नोकरी करते आणि समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन उभी राहते. त्या फळीला सर्फबोर्ड म्हणायचं. फळीच्या पोटाखाली, शेपटीकडं तीन पाती असतात, ती फिनं. मधलं मोडलंय. तीस तारखेला तिची पहिली स्पर्धा. म्हणाली, आज्जा, तेवढं मधलं करून द्या, बाकी कशाला हात लावू नका.

कुपवाडात चाळीस वर्षं फायबरचं काम केलं. कूलरच्या बॉड्या, टाक्यांची झाकणं, दोन होड्या. एक फिन म्हणजे चहाला उकळी येईपर्यंतचं काम.

संकल्प: आजपासून सूर्यास्तानंतर काही खायचं नाही. जैनाच्या घरात हा संकल्प लिहून ठेवावा लागतो, याची नोंद नको.

८ मे.
अभ्यास पूर्ण. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ. एक फिन असेल तर बोर्ड सरळ आणि शांत चालतो, पण वळायला भरल्या उसाच्या ट्रॉलीएवढी जागा घेतो. दोन असतील तर वेग येतो, वळतोही चटकन, पण शेपूट घसरते. तीन असली की वळण आणि पकड दोन्ही. मधलं फिन शेपूट धरून ठेवतं. चार लावली तर मध्ये पाणी अडवायला कुणी नाही, सुसाट. विषय सोपा आहे, लोक उगाच परदेशात जाऊन शिकतात.

समुद्र मी एकदा पाहिलाय. रत्नागिरीला, बसमधून.

मधलं फिन तयार. इतकं गुळगुळीत, की त्यात तोंड दिसावं. दिसलं. दाढी वाढलीय.

११ मे.
मोठा दोष सापडला! मधलं फिन बसवताना बोर्डाच्या नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणली. बाजूची दोन्ही फिनं दोरीशी समांतर नाहीत. पुढची टोकं आत, नाकाकडं तिरपी. एवढी मोठी परदेशी कंपनी आणि साधं सरळ बसवता येत नाही.

केरू सव्वीस वर्षं माझ्यासोबत फिटर. म्हणतो कसा, आवं आण्णा, दोनी बाजूला सारकंच तिरकं हाय म्हंजे मुद्दाम केलं आसंल. मोटारीची चाकं बी जरा आत आस्त्यात न्हवं का. त्याला समजावलं, की साचा चुकला की दोन्हीकडं सारखंच चुकतं. केरूचा हात सोन्याचा आहे, पण थिअरी कच्ची.

१३ मे.
ब्राह्मी आठ दिवस पुण्याला मैत्रिणीकडं गेली. उत्तम वेळ. पोरीला आपण एक फिन द्यावं आणि बाकीचं वाकडं दिसत असून तसंच पाठवावं, हे माझ्यानं व्हायचं नाही. बाजूची फिनं बसतात त्या दोन्ही खाचा फायबरनं बुजवल्या, दोरी लावून नव्या सरळ पाडल्या, वरून रंग. जोड भिंगानंसुद्धा सापडणार नाही. केरू हत्यारं देत होता.

केरूकडून त्याच्या फोनवर कंपनीला ईमेल टाईप करून घेतला. दोष दाखवला, उपायही कळवला. शिक्षित माणूस दुसऱ्याची चूक फुकट सुधारतो.

संध्याकाळी भडंग खाल्लं. भडंग हे जेवणात धरत नाहीत.

१७ मे.
कृष्णेत चाचणी. नावाडी जोतीरामची मोटारीची होडी, मागं दोरानं बोर्ड. बोर्डावर मी बसणार होतो, पण पोहता येत नाही हे ऐन वेळी आठवलं. केरू म्हणाला, मी बी न्हाई, मला सून आणायची हाय अजून. शेवटी वाळूचं पोतं बांधलं.

काय गेला बोर्ड! रेघ मारल्यासारखा. जोतीराम ओरडला, आण्णा, लय सरळ जातंय की वो! केरूनं मोडता घातलाच: आन् वळतंय का? म्हटलं, वळणं माणसाचं काम, पोत्याचं नव्हे.

पेंटरला माझ्या नावाची पाटी सांगितली: रायगोंडा फिन, कुपवाड.

२४ मे.
ब्राह्मी बोर्ड घेऊन गेली. मधल्या फिनवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आज्जा, लय भारी. बाजूच्या सुधारणेचं बोललो नाही. जिंकल्यावर सांगीन, म्हणजे आनंद दुप्पट.

२७ मे. अमावास्या.
कंपनीचं उत्तर आलं. केरूनं फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. आपुलकीबद्दल आभार. बाजूची फिनं नाकाकडं तिरपीच ठेवायची असतात. तशी असली तर ती वळताना पाणी पकडतात. सरळ केली तर बोर्ड नुसता पुढं पळतो, वळायला मागत नाही. तुम्ही ती सरळ केलेली नाहीत, अशी आशा आहे.

केरूनं फोन खिशात घातला. मी आधीच म्हनलं हुतं, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

ब्राह्मीला लगेच फोन करणार होतो. पण अमावास्येला वाईट बातमी देऊ नये. शिवाय ती कामावर असेल. शिवाय कंपनी आपलीच बाजू सांगणार.

२८ मे.
ब्राह्मीचाच फोन आला. आज्जा, सरळ भन्नाट सुटतो बोर्ड, पण वळतच नाही. मार्क तर वळणालाच असतात. मीच विसरले वाटतं सगळं.

तोंड उघडलं. म्हणालो, सराव वाढव.

राजमती फोनकडं आणि माझ्याकडं बघून आत गेली. सूर्यास्तानंतर भडंग. कांदा घालून.

३० मे.
चौघींत चौथी. पहिल्या लाटेवर वळायला गेली, बोर्ड थेट वाळूत. राजमतीला फोनवर रडत म्हणाली, आज्जी, हे माझं काम नव्हे, मी बोर्ड विकून टाकते.

राजमतीनं विचारलं, आवं, तुमी काय केलाय का त्याला? म्हटलं, मधलं फिन केलं. हे खोटं नाही.

मग केरूकडं गेलो. म्हटलं, भाद्रपदात क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतोच, त्यातच ही पण मागून टाकीन. केरू म्हणाला, भाद्रपदापत्तोर पोरगी फळी ठेवंल व्हय? आन् आण्णा, ती फळी इकंल ते इकंल, सोताला येत न्हाई आसं आयुष्यभर म्हनत बसंल.

१ जून, रविवार. सकाळी ६.
पाटी आली. अक्षरं झकास. भिंतीकडं तोंड करून ठेवली.

फोनवर माझी जीभ भलतीकडं वळते, म्हणून पत्र लिहिलं. पाकीट बंद करून राजमतीकडं दिलंय, परत मागितलं तरी देऊ नको म्हणून. नक्कल इथं:

चि. ब्राह्मी,
आज्जीचा गुडघा तसाच. तुझ्या बाबाचं पित्त बरं. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आज्जाची तब्येत बरी नाही, कारण पुढं आहे.

तू वळायला विसरली नाहीस. बोर्ड वळत नाही, कारण बाजूची फिनं मी सरळ केली. तू हात लावू नका म्हणाली होतीस. केरूही म्हणाला होता. ती मुद्दाम तिरपी असतात हे मला सत्तावीस तारखेला कळलं, आणि अठ्ठावीसला मी तुला सराव वाढव म्हणालो. जोड दिसू नये म्हणून रंगही चांगला दिला. तेवढा चांगला द्यायला नको होता.

बोर्ड विकू नकोस, इकडं पाठव. खाचा केरू पाडेल, होत्या तशा तिरप्या. मी नुसती दोरी धरीन, तीही तो सांगेल तिथं.

मधलं फिन मात्र खरंच बरं झालंय.

पत्राचं उत्तर लवकर लिही. शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर.
तुझा आज्जा