ई-क्लासातलं गवत

प्रिय यास्मीन, आणि आता आमच्या सरपंचबाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, “रागिणी, ई-क्लासात झाडं लावून राहिलो आमी. मले झाडाच्या चार चांगल्या किताबा धाड, सभेत सांगाले कामी पडतील.” ठरावात त्या जागेला ‘पडीत’ लिहिलंय, हेही तूच सांगितलंस. गावची ढोरं चरतात तो एवढा मोठा सरकारी माळ, आणि पडीत! दर्यापूरच्या बसमध्ये कंडक्टरजवळ दोन पुस्तकं देते आहे. दोन्ही झाडांची नाहीत. रागावू नकोस, आधी वाच.

पातळ आहे ते गवतावरचं. सुट्टीत घरी नेलं तेव्हा बाबांनी हातात घेऊन पाहिलं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या पुस्तकांचा त्यांना धाकही वाटतो आणि गंमतही. म्हणाले, “काहून वं, गवत ढोरं खात होते, आता पोरी वाचून राहिल्या?” पण मुळांचं चित्र आलं तसं त्यांनी पुस्तक खिडकीपाशी उजेडात नेलं. वर गुडघाभर गवत आणि खाली माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेलेली मुळं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, तेव्हाही माळ खाली जिवंत असतो. ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसती जमिनीकडे पाहत बसले.

जाड पुस्तकातलं तणमोराचं प्रकरण आधी काढ. कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उसळतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसभर, शेकडो वेळा, मादीनं पाहावं म्हणून. जगात आता फार थोडे उरलेत. हे कुठल्यातरी दूरच्या मुलखातलं असेल असं मला वाटलं होतं. मग गेल्या श्रावणात आपल्याच ई-क्लासात तो दिसला. काळं अंग, पांढरे पंख, डोक्यामागे बारीक तुरे. पहिल्या उडीला मला कळलंच नाही. दुसऱ्या उडीला मी खाली बसले. माझ्या मागून येणारी माय म्हणाली, “काय झालं वं, साप हाय काय?” तेवढ्यात तो पुन्हा उसळला आणि तीही माझ्याजवळ बसली. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. घरी येताना एवढंच म्हणाली, “बायकोसाठी एवढ्या उड्या? तुह्या बापानं एक नाही मारली.”

त्याला उघडा माळच लागतो. तिथे झाडं उभी राहिली की तो येणार नाही. तुझा हेतू चांगलाच आहे. झाड म्हणजे पुण्य, एवढंच तर शिकवलं आपल्याला. शाळेभोवती लाव, रस्त्याच्या कडेला लाव, खड्डे खणायला मी येईन.

शुक्रवारच्या ग्रामसभेलाही मी येते आहे. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे. तू ठराव वाचून ‘विरोधात कोण?’ विचारशील, तेव्हा माझा हात वर असेल, कदाचित एकटाच. लोक म्हणतील, सरपंचाची मैत्रीणच उलटली. होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली आपण, मग तू आमच्याच गावची सून झालीस. तो हात तू पहिल्यांदा भरल्या सभेत पाहू नयेस, म्हणून आजच लिहिलं.

तरीही तुझीच,
रागिणी